जंगलासाठी निवडलेला चाकू

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की मी माझ्या स्वतःच्या एका चाकूशी बोलणं सोडलेलं आहे. समेट घडवून आणायला कुणीही मध्ये पडू नये. चूक सर्वस्वी त्याची आहे.

हसलात ना? हसा. या ग्रुपवर तुमचे अनुभव वाचून मीही अशीच हसत आले आहे. पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी खाली लिहायची, 'फोटो टाका.' दार आपोआप वाजलं की मी लिहायची, 'बिजागरीला तेल घाला.' आज माझी पाळी आली आहे, तेव्हा मनसोक्त हिशोब चुकते करा. फक्त आधी सगळं वाचा.

मी मंगल. गारखेड्यात राहते आणि बायकांना चारचाकी शिकवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बाईनं स्वतःच्या गाडीला लिंबू-मिरची बांधलेली असेल, तर पहिल्या दिवशी ते लिंबू मी काढून घेते आणि घरी सरबत करते. लिंबू बांधून क्लच नीट सुटत नाही, हे माझं ठाम मत. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आताही आहे की नाही, विचारू नका. मी सध्या फक्त संतापलेली आहे.

आमचा बायकांचा एक ग्रुप आहे. रविवारी हर्सूलच्या पुढं जटवाड्याच्या डोंगरात जायचं, ताडपत्री बांधायची, तीन दगडांची चूल मांडायची, काडेपेटी न वापरता विस्तव पेटवायचा. याला हल्ली बुशक्राफ्ट म्हणतात. आमची आजी हेच करायची तेव्हा त्याला स्वयंपाक म्हणत. तर या कामासाठी एक चांगला चाकू हवा होता, आणि तो निवडायचं काम सर्वानुमते माझ्याकडे आलं. म्हणजे मीच घेतलं.

आधी गेले क्रांती चौकात. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "भाभीजी, किचन का सेट दिखाऊं? साथ में सोलनी फ्री है."

म्हटलं, "मला जंगलात न्यायचाय."

"जंगल में? क्या काटना है?"

"लाकूड. आणि फार प्रश्न विचारणारी माणसं."

त्यानं मुकाट्यानं एक घडीचा चाकू काढला. मुठीत होकायंत्र, शिट्टी, टॉर्च आणि दाढीचा आरसा. मी म्हटलं, दादा, यात एक संडास तेवढा राहिला. गुलमंडीत दुसऱ्यानं पात्याला करवतीसारखे दात असलेला, ड्रॅगन छापलेला एक प्रकार दाखवला. तो हातात घेऊन कुठलीही बाई फक्त चित्रपटातल्या खलनायकाची मावशी दिसेल.

मग मी रीतसर अभ्यासाला बसले. महिनोन्‌महिने. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ. आमचे हे — म्हणजे माझे यजमान, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर — म्हणायचे, "मला निवडताना एवढं बघितलं नव्हतंस." मी म्हणायचे, "त्याचीच तर ही अद्दल." तर माझा निष्कर्ष असा, हवा असेल तर लिहून घ्या. घडीचा नको, सलग हवा. पातं मुठीच्या शेवटपर्यंत एकाच लोखंडाचं असलं पाहिजे, नाहीतर लाकडावर ठोकताना मूठ हातात आणि पातं झुडपात. लांबी आपल्या पंजाएवढी पुरे. त्याहून मोठं घेतलं की माणूस लाकडापेक्षा रुबाब जास्त कापतो. पात्याची पाठ काटकोनी हवी, म्हणजे चकमकीच्या कांडीवर ओढली की ठिणगी पडते. आणि लोखंड कार्बनचं. स्टेनलेस गंजत नाही, पण कार्बनला धार डोंगरात दगडावरही लावता येते. फक्त त्याला जपावं लागतं. पुसायचं, तेल लावायचं, आंबट-ओलं लावायचं नाही.

असा चाकू मी शेवटी ऑनलाइन मागवला. शिसवी मूठ, चामड्याचं म्यान. पार्सल फोडल्याबरोबर तापवलेल्या सुईनं मुठीवर 'मं' असं अक्षर कोरलं. का ते पुढं कळेल, कारण आमच्या घरातले लोक.

आता घरातले लोक.

माझी लेक ऋतुजा तेव्हा बाळंतपणाला आली होती. हिच्याबद्दल एवढंच सांगते की याआधी दोन वेळा ती दवाखान्यातून रिकाम्या हातानं परतली होती. त्यामुळं या वेळी आम्ही सगळेच श्वास रोखून होतो. मुलगा झाला, चांगला ठणठणीत झाला, तरी ऋतुजा रात्ररात्र त्याच्या नाकापुढं बोट धरून बसायची, श्वास चालू आहे का बघायला. तिची ती अवस्था बघवत नव्हती. माझ्या सासूबाई — त्यांना मी आत्याबाई म्हणते, मूळच्या पैठणकडच्या — तिची पाठ चोळत म्हणायच्या, "पाचवी होऊ दी बाई. पाचवी झाली की लेकराचं भ्या जातं."

पाचवीची पूजा म्हणजे पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, तिची. पूजेत लोखंडाचं एखादं हत्यार मांडतात, आणि मग ते सव्वा महिना बाळ-बाळंतिणीच्या उशाखाली ठेवतात. खेड्यात विळा असतो, कुणाकडे अडकित्ता. आमच्या फ्लॅटमध्ये विळा कुठला? सुपारी कुणी खात नाही. विळी आहे, पण तिच्यावर आम्ही मासे कापतो, त्यामुळं आत्याबाईंना ती चालेना. लोखंड कोरं पाहिजे, कशाला न लागलेलं.

कोरं लोखंड घरात एकच होतं.

मी क्लासवरून आले तर पाटावर माझा चाकू! म्यानातून काढलेला, हळद-कुंकवानं माखलेला, वर दहीभाताचा घास!! कार्बनच्या पात्यावर दही!!!

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"काय केलं? पूजा केली."

"अहो, तो माझा जंगलातला चाकू आहे."

"मंग? सटवाई काय मॉलमधून येती व्हय? ती बी रानातूनच येती."

"गंजेल ना तो!"

"तू गंजू नको म्हंजे झालं. हात लावू नको त्याला आता. मांडलेलं लोखंड सव्वा महिना हलवत नसतात."

मी हलवलं. त्याच संध्याकाळी. धुतलं, पुसलं, तेल लावलं, म्यानात घातलं आणि माझ्या सॅकमध्ये टाकलं. सकाळी ऋतुजाचं अंथरूण आवरताना चाकू उशाखाली. उघडा. धार भिंतीकडं, पाठ लेकराकडं. म्यान मात्र सॅकमध्ये जागच्या जागी, बटण लावलेलं.

इथं कुणीही जे समजेल तेच मी समजले. आत्याबाईंना धारेवर धरलं. त्या देवाशपथ नाही म्हणाल्या. मी म्हटलं, देव तुमच्याच पार्टीतला, त्याची शपथ चालणार नाही. तान्ह्या लेकराजवळ उघडं पातं ठेवता, काही कळतं की नाही? त्या दिवशी मी खरंच फार बोलले. त्या गप्प बसून वाती वळत राहिल्या. आणि आत्याबाई गप्प बसणं ही आमच्या घरातली मुळातच एक अमानवीय घटना आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग मी चाकू लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. नंतर आत्याबाई दोन दिवसांसाठी बहिणीकडं पैठणला गेल्या. मी स्वतः त्यांना एसटीत बसवून आले. दुसऱ्या दिवशी ऋतुजानं हाक मारली. "आई, तुझं ते परत इथं आलंय."

कपाट बंद. किल्ली माझ्या गळ्यात.

आता घरात उरले कोण? हे. त्यांना बोलावलं.

"खरं सांगा. दुसरी किल्ली करून घेतलीय का?"

"मंगल, मला त्या कपाटात माझा बनियन सापडत नाही. चाकू कुठून सापडणार?"

या युक्तिवादात तथ्य होतं. तरी मी त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला. कुणावर तरी राग काढायलाच हवा ना! लोखंडावर किती काढणार? आणि खरा राग कशाचा होता सांगू? एवढा अभ्यास करून, एवढ्या कसोट्या लावून मी चाकू जंगलासाठी निवडला, आणि हा पठ्ठ्या घरात बसून बाळंतिणीची सेवा करतोय. अजून एक काटकी तासली नव्हती त्यानं माझ्यासाठी. पगार एका ऑफिसात आणि हजेरी दुसऱ्यात!

ऋतुजा मात्र म्हणाली, "आई, असू दे ना इथं. तो असला की मला झोप लागते." हे मला सगळ्यात जास्त लागलं. शिकलेली पोरगी. मी तिला म्हटलं, "बाळा, झोप हवी तर मी रात्रभर जागते. पण असल्या गोष्टींची सवय नको लावून घेऊस. उद्या तो चाकू नसला तर काय करशील?" आणि रविवारी चाकू घेऊन मी डोंगरावर निघाले. मुद्दाम. जाताना तिला म्यान उघडून पातं दाखवलं, म्हटलं, "हे बघ, नेतेय. संध्याकाळी भेटू." ती लेकराला उराशी धरून नुसती बघत राहिली.

आता पुढचं नीट वाचा, कारण साक्षीदार आहेत.

ग्रुपमध्ये त्या दिवशी आम्ही पाचसात जणी होतो. त्यातल्या दोघी महत्त्वाच्या. एक नसरीन भाभी, आमच्या शेजारी राहतात, माझ्याकडेच गाडी शिकल्या आणि आता माझ्यापेक्षा बेफाम चालवतात. दुसऱ्या कांबळे सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, कुणी शिंकलं तरी नाडी बघणाऱ्या. गाडी खाली लावली, टेकडी चढून पळसाच्या सावलीत ताडपत्री बांधली. बांधताना दोरी मी त्याच चाकूनं कापली. कांबळे सिस्टरनी माझा फोटो काढला, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात चाकू, चेहऱ्यावर महाराणीचा भाव. तो फोटो आहे. त्यात मुठीवरचं 'मं' दिसतं. 'फोटो टाका' म्हणणारी मीच होते, त्यामुळं टाकतेच आहे खाली.

चूल पेटेपर्यंत नसरीन भाभींनी पिशवीतून काकड्या काढल्या. "मंगलताई, वो तुमची तलवार द्या जरा."

मी चाकू दिला. म्हणजे हातात नाही दिला, चटईवर ठेवला आणि त्यांनी उचलला. हातातून हातात धारेची वस्तू दिली की भांडण होतं असं आमच्याकडं मानतात आणि त्यांच्या घरीही तसंच मानतात. मी मानत नाही, पण हात आपोआप तसा जातो. त्यांनी दोन काकड्या उभ्या चिरल्या, मीठ भुरभुरलं, वाटल्या आणि चाकू चटईवर माझ्यापुढं ठेवला. पात्यावर पाणी आणि मीठ. माझा जीव वरखाली. तोंडातला घास तसाच ठेवून मी फडकं काढायला सॅककडं वळले. वळले आणि परत फिरले, एवढाच काय तो वेळ.

चटईवर चाकू नव्हता.

"भाभी, चाकू?"

"अय्यो, आपके सामने तो रखा!"

"कुठाय मग?"

मी सगळ्यांना उभं केलं. चटई झटकली. पर्सा उलट्या केल्या. एकीला पदर झटकायला लावला, नसरीन भाभींचा दुपट्टा तपासला. कांबळे सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, माझ्या अंबाड्यात बघता का?" मी म्हटलं, "वळा." आणि खरंच बघितलं. एवढी चिडले होते मी. म्हटलं, ही थट्टा असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर घरी सगळ्याजणी चालत जाल, गाडीची किल्ली माझ्याकडं आहे. कुणी हसेना. सगळ्यांच्या हातात अर्धीअर्धी काकडी, सगळ्या माझ्याकडं बघतायत, आणि चटई रिकामी.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतुजाचा. माझ्या हाताला मीठ होतं म्हणून स्पीकरवर टाकला.

आधी नुसतं रडणं. तिचं आणि लेकराचं, दोघांचं. मग ती बोलायला लागली. आत्याबाईंनी खोलीत साडीची झोळी बांधली होती. लेकरू झोळीत झोपलेलं, आत्याबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्या, हे दूध आणायला खाली. झोळीच्या तोंडाशी साडी ताणून धरायला आडवी काठी लावतात, ती निसटली. साडीला पीळ पडत गेला आणि झोळी मिटली. लेकरू आत. ऋतुजा धावली, पण पीळ उलगडेना, लेकराच्या वजनानं तो आणखीच आवळत होता. आतून आधी आवाज आला, मग आवाज बंद झाला. वरची गाठ हाताला येईना. तिनं नखांनी ओढलं, दातांनी ओढलं. नवी कोरी जाड साडी, फाटेना.

"मग, आई, माझा हात उशीखाली गेला. मला माहिती होतं तू चाकू नेलायस. तरी गेला. आणि तो होता."

तिनं साडी कापली. लेकरू बाहेर काढलं तेव्हा निळं पडलं होतं. तिनं उलटं करून पाठीवर थोपटलं आणि ते रडलं. आत्ता रडतंय ते तेच, म्हणाली, ऐक.

आम्ही ऐकलं. भर उन्हात, त्या टेकडीवर, सगळ्याजणींनी.

कांबळे सिस्टरनी फोन ओढून घेतला आणि एकामागून एक विचारत सुटल्या, ओठांचा रंग कसा आहे, श्वास कसा आहे, अंगावर पाजून बघ, ताबडतोब दवाखान्यात न्या. मग ऋतुजानं व्हिडिओ लावला. लेकरू लालबुंद होऊन बोंबलत होतं. मागं आत्याबाई जमिनीवर बसून हात जोडत होत्या. आणि पलंगावर, कापलेल्या साडीवर, माझा चाकू. मी म्हटलं, जवळ धर. तिनं धरला. मुठीवर 'मं'. पातं ओलं. त्याच्या पाठीला काकडीची एक बी चिकटलेली होती.

त्या दिवशी घरात काकडी नव्हती. मी नंतर फ्रिज तपासला, कचऱ्याचा डबासुद्धा उपसला.

दवाखान्यात सगळं ठीक निघालं. आत्याबाईंच्या पाया पडले, त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "मी नव्हतं ग ठेवलं. खरंच नव्हतं." मी म्हटलं, माहिती आहे. झोळीचा आकडा त्यांनी स्वतः छतातून काढायला लावला.

यावर लोकांनी मला आतापर्यंत दिलेली स्पष्टीकरणं ऐकून घ्या, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. जावई म्हणाले, तुम्ही चुकून दोन चाकू मागवले असतील. मग दुसरा दाखवा की! आणि 'मं' कुणी कोरलं? ह्यांचं म्हणणं, डोंगरावर नेला तो चाकू नव्हताच, तुला भास झाला. म्हणजे फोटोलाही भास झाला? दोरीलाही? एका बाईनं तर मला सांगितलं की मातेच्या भीतीत एक ऊर्जा असते. असेल. पण ऊर्जेनं काकडीची बी आणायचं काय कारण?

सव्वा महिना झाला, बारसं झालं, ऋतुजा आणि लेकरू सुखरूप पुण्याला गेले. आता ती झोपते म्हणे. आणि चाकू? जिथं ठेवीन तिथंच असतो. कपाटात ठेवला तर कपाटात, सॅकमध्ये ठेवला तर सॅकमध्ये. मी दोनदा मुद्दाम त्याला विचारलं, "काय रे, कसं केलंस?" ढिम्म. म्हणून हा अबोला. मी नास्तिक बाई, माझ्या नातवाचा जीव वाचवलास, तर निदान कसा वाचवलास तेवढं सांगायची माणुसकी... बरं, लोखंडुसकी तरी दाखवायची की नाही? राग येणार नाही का माणसाला? मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही. मिळेल असंही वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर लिहा. पण 'बिजागरीला तेल घाला' असलं काही लिहिलंत, तर मी ओळखेन की तुम्ही सूड उगवताय.

एक मात्र सांगायचं राहिलं. डोंगरावर फोन बंद झाल्यावरचं. चूल धुमसत होती. कांबळे सिस्टर उघड उघड रडत होत्या. मी मातीतच बसले होते. नसरीन भाभींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते, दुआ म्हणत असाव्यात. त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले, मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं, रिकाम्या चटईकडं बघितलं, आणि एकदम मोठ्यानं बोलून गेल्या —

"पर मंगलताई, बाकीच्या काकड्या आता काय दातानं तोडायच्या?"